नाताळची शांती आणि अँग्लिकन मंडळ्यांचे एकत्र जगणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिसेंबर लागला, जिन्यात चांदणीचा कंदील टांगला, की आमच्या सोसायटीत प्रश्न सुरू होतात. काही केकचे असतात, काही धर्माचे. गेली दोन-तीन वर्षे एक प्रश्न हमखास असतो: "दरवर्षी तुम्ही पृथ्वीवर शांती म्हणता, ती आहे कुठे?" पिशव्या हातात घेऊन उभ्याउभ्या उत्तरे देण्याचा कंटाळा आला, म्हणून एकदाचे लिहून काढले. मी पुण्यातल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या (ज्यात इथली अँग्लिकन परंपरा सामावली) एका मंडळीचा सभासद आहे, पाळक नव्हे. मते माझी आहेत.

अँग्लिकन म्हणजे नक्की कोण? कॅथलिक की प्रोटेस्टंट?

दोन्हीकडचे थोडेथोडे. १५३४ साली इंग्लंडच्या पार्लमेंटने आठव्या हेन्रीला तिथल्या चर्चचा प्रमुख ठरवले आणि पोपची सत्ता संपली. हेन्रीचे हेतू काही फारसे आध्यात्मिक नव्हते, हे आम्हीही मान्य करतो. १५४९ मध्ये लॅटिनऐवजी इंग्रजीत उपासनेचे पुस्तक आले. बिशप (धर्मप्रांताचा प्रमुख), पाळक, डिकन (पाळकाच्या खालचे पद) ही जुनी रचना राहिली. पाळकांना लग्नाची मुभा मिळाली. पुढे व्यापारी, सैनिक आणि मिशनरी जिथे गेले तिथे हे चर्चही गेले. आज त्याचे चाळीसहून अधिक स्वायत्त प्रांत आहेत. कँटरबरीच्या आर्चबिशपला मान पहिला, पण त्यांना पोपसारखा हुकूम सोडता येत नाही. एकत्र कुटुंबात सगळ्यांची चूल वेगळी झाल्यावरही थोरल्या घरी सणाला जातात, तसे हे नाते आहे.

पॅरिश, पास्टोरेट, मंडळी, धर्मग्राम ही सगळी एकच का?

जवळजवळ. वसईचे कॅथलिक लोक धर्मग्राम म्हणतात. आमच्याकडे मंडळी हा शब्द माणसांसाठी आणि पास्टोरेट हा कारभारासाठी. इंग्लंडात मात्र पॅरिश म्हणजे आधी जमिनीचा तुकडा. तिथे सुमारे साडेबारा हजार पॅरिश आहेत आणि त्यांत सगळा देश वाटलेला आहे. त्या हद्दीत राहणारा माणूस चर्चला येवो न येवो, त्याच्या लग्नाची आणि अंत्यविधीची जबाबदारी तिथल्या व्हिकरवर, म्हणजे पाळकावर असते. आता माणसे कमी झाल्याने खेड्यापाड्यांत एकेका व्हिकरकडे पाच-सहा चर्च असतात. मग नाताळची मध्यरात्रीची उपासना यंदा कोणत्या गावात, यावर दर वर्षी वाटाघाटी होतात आणि एका गावाच्या गायकवृंदात तीन गावांचे आवाज असतात. गरजेपोटी झालेली ही एकी. तरी ती एकीच.

महाराष्ट्रात अँग्लिकन आहेत का?

नावाने नाहीत, वंशाने आहेत. मुंबईच्या फोर्टमधले सेंट थॉमस चर्च १७१८ मध्ये ऐन नाताळच्या दिवशी उपासनेसाठी उघडले. चर्चगेट हे नाव किल्ल्याच्या ज्या वेशीवरून पडले, ती याच चर्चकडे जाणारी वेस. पुण्याच्या गुरुवार पेठेतले पंचहौदचे पवित्र नाम देवालयही त्याच परंपरेतले.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्च एकत्र आली आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. अँग्लिकन त्या सहांपैकी एक. बाकी काँग्रिगेशनल-प्रेसबिटेरियन, बॅप्टिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स आणि मेथडिस्ट. त्यामुळे आज मुंबई, पुणे, नाशिक, कोल्हापूर, नागपूर, मराठवाडा या धर्मप्रांतांत बसलेल्या माणसाचे आजोबा कोणत्या मिशनचे, हे त्याच्या आवडत्या गाण्यावरून किंवा पाळकाला तो फादर म्हणतो की पाळकसाहेब, यावरून ओळखावे लागते. दक्षिणेत हे आधीच घडले होते: चर्च ऑफ साउथ इंडिया, २७ सप्टेंबर १९४७, मद्रास. देशाची फाळणी चालू असताना तिथे चर्च जोडली जात होती.

नाताळ आणि शांती यांचा संबंध काय? सण तर आनंदाचा आहे.

लूकच्या शुभवर्तमानात मेंढपाळांना देवदूत दिसतात आणि देवाला गौरव, पृथ्वीवर शांती अशी घोषणा होते. तिथे शांती हा शब्द साधा नाही. त्याच अध्यायाच्या पहिल्या ओळीत रोमन सम्राट औगुस्त कैसराचे नाव येते, आणि रोमच्या राज्यात शांती आणल्याचे श्रेय तोच मिरवत असे. ती शांती तलवारीने आणलेली होती. लूक शांतीची बातमी राजवाड्यातून उचलून रात्रपाळीच्या राखणदारांच्या हाती देतो. मला तरी ही जागा नेहमी थोडी खट्याळ वाटते.

आमच्या पंचांगात पुढचे दिवसही पाहण्यासारखे आहेत. २६ डिसेंबर हा दगडमार होऊन मेलेल्या स्तेफनाचा, म्हणजे पहिल्या ख्रिस्ती हुतात्म्याचा. २८ डिसेंबर हा हेरोद राजाने मारलेल्या बेथलेहेमच्या बाळांचा. करंज्यांचा डबा अजून निम्मा भरलेला असतो आणि वेदीवरून खुनांची गोष्ट वाचली जाते. पहिल्यांदा येणाऱ्यांना हे विचित्र वाटते. पण ज्यांच्या घरी सणाच्या आठवड्यातच माणूस गेलेले असते, त्यांना या दोन दिवसांचा आधार वाटतो, असे मी पाहिले आहे.

शांतीचा विषय निघाला की कोव्हेंट्रीचे नाव सारखे येते. तिथे काय झाले?

इथे जरा सविस्तर सांगतो.

१४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मन विमानांनी इंग्लंडमधल्या कोव्हेंट्री शहरावर सुमारे अकरा तास बॉम्ब टाकले. पाचशेहून अधिक माणसे मेली. मध्ययुगात बांधलेले सेंट मायकल कॅथीड्रल, म्हणजे तिथल्या बिशपचे मुख्य चर्च, जळाले; बाहेरच्या भिंती आणि उंच मनोरा तेवढा उरला. सकाळी राखेत फिरताना जॉक फोर्ब्स या पाथरवटाला छताचे दोन जळके वासे एकमेकांवर आडवे पडलेले दिसले. त्याने ते बांधून क्रूस उभा केला. आर्थर वेल्स या पाळकाने छतातले तीन जुने लोखंडी खिळे उचलून त्यांचा छोटा क्रूस केला.

कॅथीड्रलचे प्रमुख होते प्रोव्होस्ट रिचर्ड हॉवर्ड. त्यांनी त्या दिवसांतच ठरवले की चर्च पुन्हा बांधायचे, आणि सूडाची भाषा बोलायची नाही. सहा आठवड्यांनी नाताळ आला. बीबीसीने त्या भग्नावशेषांतून प्रसारण केले. सूड मनातून घालवणे फार कठीण आहे, तरी आम्ही तो प्रयत्न करतो आहोत, आणि युद्ध संपल्यावर ख्रिस्तबाळाला शोभेल असे अधिक दयाळू, अधिक साधे जग उभारू, अशा अर्थाचे ते बोलले. शहरात प्रेते पुरून महिना-दीड महिना झाला होता. ऐकणाऱ्यांपैकी सगळ्यांना हे रुचले असेल, असे कोणी समजू नये. प्रसारणाच्या शेवटी कोव्हेंट्री कॅरल गायले गेले. हे गाणे त्याच शहरातल्या कारागिरांच्या जुन्या धार्मिक नाटकातले: हेरोदाचे शिपाई येणार हे कळलेल्या आयांची अंगाई.

युद्धानंतर हॉवर्डनी पडक्या वेदीमागच्या भिंतीवर दोन शब्द कोरून घेतले: 'फादर फर्गिव्ह'. मराठी बायबलच्या वाचकाला यात काय गाळले ते लगेच कळेल. क्रूसावरचे वाक्य आहे "हे बापा, त्यांना क्षमा कर". हॉवर्डनी 'त्यांना' काढून टाकला. क्षमेची गरज फक्त पलीकडच्यांना आहे, असे म्हणायला ते तयार नव्हते. आणि पुढे १९४५ च्या फेब्रुवारीत ब्रिटिश आणि अमेरिकन विमानांनी ड्रेस्डेन जाळले तेव्हा सुमारे पंचवीस हजार माणसे मेली, हे लक्षात घेतले तर त्या गाळलेल्या शब्दाचे वजन वाढते.

ठीक, पण शब्द कोरून काय होते? प्रत्यक्षात काही केले का?

केले. १९४७ मध्ये खिळ्यांचा एक क्रूस जर्मनीतल्या कील शहराला गेला. तेही बॉम्बखाली भाजलेले होते. १९६१ मध्ये जर्मन तरुण कोव्हेंट्रीत येऊन पडक्या खोल्या दुरुस्त करू लागले. १९६५ मध्ये कोव्हेंट्रीची मुले ड्रेस्डेनला गेली आणि बॉम्बने पडलेल्या इस्पितळाच्या बांधकामावर राबली. ड्रेस्डेन तेव्हा पूर्व जर्मनीत, म्हणजे लोखंडी पडद्याआड होते. परवानग्यांच्या खेपा किती झाल्या असतील याची कल्पना करा. पुढे ड्रेस्डेनचे फ्राउएनकिर्शे पुन्हा बांधले, तेव्हा त्याच्या घुमटावरचा सोनेरी क्रूस लंडनच्या एका सोनाराने घडवला. त्याचे वडील त्या हल्ल्यातल्या विमानांत होते. २००५ मध्ये ते चर्च पुन्हा उघडले.

आज खिळ्यांचा क्रूस जगभरातल्या दोनशेहून अधिक चर्च, शाळा आणि संस्थांकडे आहे. दर शुक्रवारी दुपारी बारा वाजता कोव्हेंट्रीच्या उघड्या अवशेषांत समेटाची प्रार्थना होते आणि याच साखळीतल्या इतर ठिकाणीही तीच म्हणतात. ही प्रार्थना १९५८ पासूनची. द्वेष, लोभ, मत्सर अशी एकेक गोष्ट मोजत जायची आणि प्रत्येकीनंतर क्षमा मागायची.

नवे कॅथीड्रल १९६२ मध्ये जुन्याला लागूनच उभे राहिले. जुने तसेच ठेवले आहे, बिनछताचे. पावसात लोक तिथे छत्री घेऊन उभे राहतात.

स्टॅलिनग्राडची मरिया हे काय प्रकरण आहे?

याच कथेचा दुसऱ्या बाजूचा धागा. १९४२ च्या नाताळात जर्मन सैन्य स्टॅलिनग्राडला वेढ्यात अडकले होते. कुर्ट रॉयबर नावाचा लष्करी डॉक्टर, मूळचा प्रोटेस्टंट पाळक. त्याने एका रशियन नकाशाच्या मागच्या बाजूला कोळशाने चित्र काढले: अंगभर शालीत बाळाला गुंडाळून बसलेली आई. कडेला जर्मनमध्ये प्रकाश, जीवन, प्रेम हे शब्द. ते त्याने खंदकात लावले आणि सैनिक त्यासमोर उभे राहिले. चित्र शेवटच्या विमानांपैकी एकातून घरी पोचले. रॉयबर पोचला नाही. १९४४ मध्ये तो रशियन कैदेत मेला. मूळ चित्र बर्लिनच्या कैसर विल्हेल्म स्मारक चर्चमध्ये आहे. प्रती कोव्हेंट्रीत आणि व्होल्गोग्राडला आहेत, म्हणजे ज्या शहराला तेव्हा स्टॅलिनग्राड म्हणत तिथे. जर्मन सैनिकाने काढलेली आई तिन्ही शहरांत आहे. रॉयबर आक्रमक सैन्यात होता, हे त्याने पुसले जात नाही. ते पुसावे असे त्या तिन्ही चर्चचेही म्हणणे नाही.

१९१४ ची नाताळची युद्धबंदी खरी की दंतकथा?

खरी, पण सगळीकडे झालेली नव्हे. पहिल्या महायुद्धात पश्चिम आघाडीच्या काही भागांत ब्रिटिश आणि जर्मन सैनिक खंदकातून बाहेर आले, सिगारेटी आणि बटणे बदलली, गाणी म्हटली. चेंडूही लाथाडला, पण चित्रपटात दाखवतात तसा रीतसर सामना समजू नका. बहुतेक ठिकाणी पहिले काम मेलेल्यांना पुरण्याचे होते. एका जागी स्कॉटिश रेजिमेंटच्या पाळकाने दोन्ही सैन्यांसमोर अंत्यविधी चालवला. तेविसावे स्तोत्र इंग्रजीत आणि जर्मनमध्ये वाचले गेले. पुढच्या वर्षी सेनापतींनी असे काही होऊ नये म्हणून सक्त ताकीद दिली.

नऊ पाठ आणि कॅरल ही उपासना फक्त गाण्यांची मैफल आहे का?

बायबलमधले नऊ उतारे वाचायचे आणि मध्ये मध्ये नाताळची गाणी, म्हणजे कॅरल म्हणायची, अशी ही उपासना. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजचे प्रसारण ऐकून तसे वाटते खरे. ही पद्धत १८८० मध्ये कॉर्नवॉलमधल्या ट्रुरो गावात सुरू झाली. कॅथीड्रल अजून बांधायचे होते, म्हणून लाकडी शेडमध्ये, नाताळच्या आदल्या रात्री. लोकांना दारूच्या गुत्त्यांपासून दूर ठेवण्यासाठी बिशप बेन्सननी ही युक्ती काढली, असे सांगतात.

किंग्जमध्ये ती आली १९१८ च्या नाताळात. युद्ध थांबून सहा आठवडे झाले होते. कॉलेजचे नवे डीन एरिक मिल्नर-व्हाइट आघाडीवर लष्करी पाळक होते. नेहमीची उपासना या माणसांना पुरणार नाही असे त्यांना वाटले, म्हणून त्यांनी ट्रुरोची रचना घेतली आणि सुरुवातीची प्रार्थना स्वतः लिहिली. त्या प्रार्थनेत पृथ्वीवरच्या शांतीसाठी मागणे आहे, भुकेल्यांची आणि थंडीत असलेल्यांची आठवण आहे, आणि पलीकडच्या तीरावर, अधिक उजेडात आपल्याबरोबर आनंद करणाऱ्यांचा उल्लेख आहे. १९१८ मध्ये त्या बाकांवर बसलेल्यांपैकी प्रत्येकाला त्या तीरावरचे कोणी ना कोणी ठाऊक होते. आता ती ओळ गोड वाटते. तेव्हा ती ऐकवत नसणार.

१९२८ पासून बीबीसीवर प्रसारण सुरू झाले. दुसऱ्या महायुद्धात चॅपलच्या खिडक्यांच्या रंगीत काचा काढून ठेवलेल्या होत्या आणि सुरक्षेसाठी रेडिओवर जागेचे नाव सांगत नसत. उपासना झालीच.

आमच्याकडे पाठ मराठीत आणि गाणी 'उपासना संगीत' या गीतसंग्रहातली. पेटी-तबल्यावरची. वाचणाऱ्यांचा क्रम लहानापासून थोराकडे: पहिला पाठ मुलाने, शेवटचा पाळकांनी. मध्ये कुठेतरी पास्टोरेट कमिटीचे सेक्रेटरी येतात आणि माइक हमखास शिटी मारतो.

उपासनेत मध्येच सगळे एकमेकांना हात का देतात?

हा माझा आवडता प्रश्न, कारण उत्तराला भारताचा पत्ता आहे.

प्रभुभोजनाआधी, म्हणजे येशूच्या आठवणीने भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीआधी, पाळक म्हणतात, प्रभूची शांती तुम्हांबरोबर असो. आणि मंडळी ती शेजाऱ्याला देते. प्राचीन चर्चमध्ये ही रीत होती. इंग्लंडच्या १६६२ च्या प्रार्थनापुस्तकात नव्हती. तीन शतके अँग्लिकन लोक शेजारच्याकडे न बघता भक्ती करत होते म्हणा ना.

ती परत कशी आली? चर्च ऑफ साउथ इंडियाने १९५० मध्ये स्वतःची नवी उपासना बांधली. अँग्लिकन, मेथडिस्ट, प्रेसबिटेरियन, काँग्रिगेशनल असे सगळे नुकते एकत्र आले होते; कोणा एकाचे पुस्तक घेतले असते तर बाकीचे रुसले असते. त्यांनी केरळच्या सिरियन ख्रिस्ती लोकांकडे पाहिले. तिथे शांती देण्याची रीत कधी तुटलीच नव्हती: उजवा तळवा समोरच्याच्या उजव्या तळव्याला लावायचा आणि दोघांनी डाव्या हाताने वरून झाकून घ्यायचे. दोन माणसांची मिळून एक ओंजळ. ही शांती वेदीपासून निघते आणि रांगेरांगेने शेवटच्या बाकापर्यंत पोचते. हे बघून इतर देशांतल्या उपासना सुधारणाऱ्यांनी ती उचलली, आणि १९८० च्या इंग्लंडच्या पर्यायी उपासना पुस्तकापर्यंत तिची जागा पक्की झाली होती. लंडनच्या चर्चमध्ये आज कोणी अवघडत हात पुढे करतो, तेव्हा त्या हाताची वंशावळ केरळमार्गे मद्रासला जाते, ही गोष्ट तिथल्या बहुतेकांना ठाऊक नसते.

आमच्याकडे काही जण हस्तांदोलन करतात, काही नमस्कार. वर्षभर न बोलणारे दोन भाऊ एकाच बाकावर आले की सगळ्यांचे डोळे तिकडे. दरवेळी हात पुढे येतोच असे नाही.

बेथलेहेममध्ये आज काय स्थिती आहे? तिथे अँग्लिकन आहेत का?

थोडे आहेत, आणि बहुतेक अरब आहेत. हे ऐकून लोकांना आश्चर्य वाटते. जेरुसलेमच्या धर्मप्रांतात इस्राएल, पॅलेस्टाईन, जॉर्डन, सीरिया आणि लेबनॉन येतात; त्याचे मुख्य चर्च सेंट जॉर्ज कॅथीड्रल १८९८ मधले. उपासना अरबी आणि इंग्रजीत. संख्येने लहान असलेला हा धर्मप्रांत कितीतरी शाळा आणि इस्पितळे चालवतो.

गाझामधले अल-अहली इस्पितळ त्यांचेच. १८८२ मध्ये चर्च मिशनरी सोसायटीने सुरू केलेले. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी त्याच्या आवारात स्फोट झाला, तेव्हा तिथे आसऱ्याला आलेली कुटुंबे होती. तो कोणी केला यावर अजून वाद आहे. २०२५ मध्ये झावळ्यांच्या रविवारी (ईस्टरच्या आधीचा रविवार) इस्राएलच्या हल्ल्यात प्रयोगशाळा पडली. इस्पितळ पुन्हा चालू केले गेले.

२०२३ मध्ये गाझातल्या युद्धामुळे जेरुसलेमच्या सगळ्या चर्चप्रमुखांनी मिळून सांगितले की यंदा रोषणाई आणि मिरवणुका नकोत. बेथलेहेमच्या चौकात झाड उभे राहिले नाही. तिथल्या लुथरन चर्चमध्ये गव्हाणीऐवजी काँक्रीटच्या ढिगाऱ्यात बाळ ठेवले गेले. उपासना मात्र कोणी बंद केली नाही. बेथलेहेममध्ये नाताळ येतोही तीनदा: पाश्चात्त्य चर्चचा २५ डिसेंबरला, ऑर्थोडॉक्सांचा ७ जानेवारीला आणि आर्मेनियनांचा त्यानंतर. एका छपराखाली तीन पंचांगे.

तुमच्या चर्चमध्येच भांडणे आहेत. मग दुसऱ्यांना शांती कशाला सांगता?

टोमणा योग्य आहे. समलिंगी जोडप्यांना आशीर्वाद द्यावा की नाही, स्त्रियांना बिशप करावे की नाही, यावर जगभरचे अँग्लिकन प्रांत वर्षानुवर्षे भांडत आहेत. इंग्लंडमध्ये पहिली स्त्री बिशप २०१५ मध्ये झाली. ३ ऑक्टोबर २०२५ रोजी सारा मलाली यांचे नाव कँटरबरीच्या आर्चबिशपपदासाठी जाहीर झाले. त्या पूर्वी परिचारिका होत्या. नाव जाहीर होताच आफ्रिकेतल्या काही मोठ्या प्रांतांच्या नेत्यांनी नाराजी उघड केली. मलालींच्या आधीच्या आर्चबिशपनी राजीनामा दिला तो मुलांवरच्या अत्याचाराचे प्रकरण नीट न हाताळल्यावरून. यावर पांघरूण घालून शांतीची गाणी म्हणू नयेत, असे माझे मत.

एक आठवण मात्र सांगतो. अँग्लिकन चर्चमधली पहिली स्त्री पाळक फ्लॉरेन्स ली टिम-ओई. महायुद्धात निर्वासितांनी भरलेल्या मकाऊमध्ये ती डिकन होती. जपानी ताब्यामुळे कोणी पाळक तिथे पोचेना, प्रभुभोजन थांबले. म्हणून २५ जानेवारी १९४४ रोजी हाँगकाँगच्या बिशपनी तिला पाळकपद दिले. युद्ध संपल्यावर वाद पेटला, तेव्हा तिने बिशपला अडचण नको म्हणून परवाना परत केला. दीक्षा सोडली नाही. तिच्यावर ही वेळ यायला नको होती. तिने एकी राखली याचे कौतुक करणाऱ्यांना मी नेहमी विचारतो, किंमत तिनेच का मोजायची?

शांतीसाठी कोणी जीव दिला आहे का, की सगळे प्रार्थनेपुरतेच?

पॅसिफिकमधल्या सॉलोमन बेटांवर मेलानेशियन ब्रदरहुड नावाचा अँग्लिकन संघ आहे, १९२५ मध्ये इनी कोपुरिया या माजी पोलिसाने काढलेला. २००० च्या सुमारास बेटांवर टोळीयुद्ध पेटले, तेव्हा हे ब्रदर दोन्ही बाजूंच्या मधोमध तळ ठोकून राहिले. नंतर त्यांनी घरोघर जाऊन बंदुका गोळा केल्या आणि समुद्रात बुडवल्या. २००३ मध्ये त्यांच्यातला एक जण बंडखोर पुढाऱ्याला भेटायला गेला आणि मारला गेला. त्याचे शव मागायला सहा जण गेले. तेही मारले गेले. ते सातही जण आज हुतात्मे मानले जातात.

एका मंडळीचा दुसऱ्या देशातल्या मंडळीशी रोजचा संबंध काय?

प्रार्थनेचे वेळापत्रक आहे. जगातल्या प्रत्येक अँग्लिकन धर्मप्रांताचे नाव ठरलेल्या दिवशी सगळीकडे घेतले जाते. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या कुटुंबाचा पूर्ण सभासद असल्याने त्यात कोल्हापूर आणि नाशिकही येतात. कुठल्यातरी इंग्रज खेड्यात सकाळी सात माणसे कोल्हापूरचा उच्चार जमेल तसा करून आपल्यासाठी प्रार्थना करतात, हे मला फार आवडते. आपणही त्यांची नावे तशीच मोडतोड करून घेतो.

मी ख्रिस्ती नाही. नाताळच्या उपासनेला आलो तर चालेल का?

चालेल. आमंत्रण लागत नाही. गर्दी असते, तेव्हा वीस मिनिटे आधी या. कपडे सणाचे. चपला काढायच्या की नाही हे दारातल्या चपला बघून ठरवा. मंडळीगणिक पद्धत वेगळी. दानाची थैली फिरेल, काही टाकलेच पाहिजे असे नाही.

प्रभुभोजन घ्यायचे का?

ते बाप्तिस्मा आणि दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतर विश्वासाची जाहीर कबुली देण्याचा विधी) झालेल्यांसाठी. बाकावर बसून राहिलात तर कोणी वळून बघत नाही. आशीर्वाद हवा असेल तर रांगेत या आणि हात छातीवर घडी करून ठेवा, पाळक समजतात. शांतीचा हात मात्र सगळ्यांसाठी आहे. तो नाकारू नका.

मेरी ख्रिसमस म्हणायचे की शुभ नाताळ?

काहीही. नाताळ हा शब्द पोर्तुगीजांचा, ख्रिसमस इंग्रजांचा.

कंदील कधी उतरवता?

६ जानेवारीला, मागी लोक, म्हणजे पूर्वेकडचे ज्ञानी, बाळाला पाहायला आले त्या दिवशी. वॉचमन १ तारखेलाच शिडी घेऊन येतो, त्याला दरवर्षी परत पाठवावे लागते.

उपासना झाल्यावर थांबावे का?

थांबा. आवारात चहा, करंज्या, चकल्या आणि केक असतो. चहावरून आठवले. १८९० मध्ये पंचहौदच्या मिशनमध्ये पुण्याची मोठमोठी मंडळी व्याख्यानाला गेली होती. रानडे होते, टिळक होते. समोर चहा-बिस्किटे आली. कोणी प्यायले, कोणी नुसता कप हातात घेतला. नंतर गोपाळराव जोशींनी हजर असलेल्यांची नावे वर्तमानपत्रात छापून आणली आणि शहरात ग्रामण्य उभे राहिले: बहिष्कार, चौकशी, प्रायश्चित्त. घराघरांत फूट पडली. एका कपासाठी.

आमच्याकडचा चहा मोठ्या पातेल्यात होतो आणि तरुण संघाची मुले तो करतात, त्यामुळे साखर फार असते. बिनसाखरेचा हवा असेल तर उपासना सुरू होण्याआधीच सांगून ठेवा.